मोहावरचं यीस्ट

अन्याय झाला तो माझ्या मॅडमवर. कधी झाला तेही सांगते, नाहीतर लोक म्हणतात ही पोरगी मोघम आरोप करते. श्रावणात, आमच्या खानदेशी देवीच्या, कानबाईच्या सोमवारी, सकाळी, गावोगाव विसर्जनाची वाजंत्री चालू असताना. धुळ्यात, पांझरेच्या पलीकडे, देवपूरच्या एका कॉलेजात त्यांची छोटी प्रयोगशाळा होती. त्या सुट्टीवर असताना तिचं कुलूप दुसऱ्या किल्लीने उघडलं. डीप फ्रीजरमधले डबे बाहेर काढले. मॅडमनी उभ्या हयातीत जमवलेलं आणि जपलेलं जिवंत यीस्ट त्या डब्यांत होतं. ते मागच्या खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर जाळून टाकलं.

याचं पत्रक छापायला घेऊन गेले तेव्हा छापखान्यातल्या काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"यीस्ट म्हणजे पावातलं ना गं?"

"हो काका."

"पाण्यासाठी छापलं, एसटीच्या पाससाठी छापलं. आता पावासाठी?"

"छापा तुम्ही."

त्यांनी छापलं. पण हे सगळं पत्रकाच्या एका पानात मावत नाही, आणि पत्रकात रडता येत नाही. म्हणून हे लांबण लावते आहे.

मी रावेरकडची, केळीच्या पट्ट्यातली. धुळ्याला एमएस्सीला आले ती जळगावात नंबर लागला नाही म्हणून. मला यीस्टचं काही पडलेलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी आम्हाला एकेकीला मायक्रोस्कोपसमोर बसवलं. आत एक गोल पेशी, तिला चिकटलेली एक छोटी.

"ही मोठी आई," मॅडम म्हणाल्या. "हिला कोंब फुटतो, वाढतो, तुटतो. तुटला की ती लेक. प्रत्येक लेकीमागे आईच्या अंगावर एक वण राहतो. यीस्टची आई वर्षांनी म्हातारी होत नाही, बाळंतपणांनी होते."

"आणि लेक, मॅडम?"

"लेक कोरी जन्मते. पेशीत जे बिघडलेलं, गंजलेलं साचतं ते आई स्वतःकडे ठेवून घेते."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आमच्या मम्मीसारखंच."

"सगळ्या आया तशा नसतात बाई," मॅडम म्हणाल्या. "यीस्टच्या तर नसतातच. ऊन वाढलं की बऱ्याच जणींना ते जमत नाही. थोडं बिघडलेलं त्या लेकीच्याही पदरात टाकतात. का, ते शोधत बसलेय मी."

मॅडमच्या आयुष्याचा प्रश्न एवढाच होता. डॉक्टरेट त्यांनी दक्षिणेकडच्या मोठ्या शहरात केली. तिथे राहता आलं असतं. पण त्यांची आई अंथरुणाला खिळली आणि त्या धुळ्याला परत आल्या. कॉलेजने जिन्याखालची खोली दिली. तिथे भिंतीला पोपडे होते आणि पंखा होता, पण काम करताना तो बंद ठेवावा लागे, कारण वाऱ्याने धूळ प्लेटवर बसते आणि धुळीबरोबर बुरशी येते. मे महिन्यातलं धुळं ज्याला माहीत आहे त्याने ही खोली डोळ्यांसमोर आणावी. मॅडम पदर खोचून बसत. डोळा मायक्रोस्कोपला, हातात स्वतः काच ओढून केलेली केसाएवढी सुई. आईला कोंब आला की सुईने लेक बाजूला काढायची, पुन्हा वाट बघायची, पुन्हा काढायची, आईला शेवटचा कोंब येईपर्यंत. आमच्या माना आखडत. त्यांची आखडत असणारच, पण त्या कधी बोलल्या नाहीत.

यीस्ट त्या विकत आणत नसत. खानदेशातून वेचून आणत. केळीच्या सालीवरचं, उसाच्या रसाच्या गाड्यावरचं, बोरांवरचं. आणि एक मोहाच्या फुलावरचं. पिंपळनेरच्या वाटेवर एका शेताच्या बांधाला मोहाचं झाड होतं. चैत्रात पहाटे बायका तिथे फुलं वेचत. मॅडमनी त्यांच्याकडून ओंजळभर घेतली आणि त्यावरून एक यीस्ट वाढवलं. ते वेगळं निघालं. धुळ्याच्या उन्हाळ्याइतक्या तापातही त्याच्या आया लेकींना कोरं पाठवत राहिल्या.

मग मॅडमनी त्याचं लग्न लावलं. यीस्टमध्येही दोन पक्ष असतात, आणि मॅडम म्हणत, "इथे पत्रिका लागत नाही, हुंडा लागत नाही, शेजारी ठेवलं की झालं." मोहाचं यीस्ट एका साध्या यीस्टशी जुळवलं. त्यांच्या पोटी जे चार बीजाणू येतात ते सुईने सुटे केले. प्रत्येक वेळी दोघांत तो गुण होता, दोघांत नव्हता. असा निम्मा-निम्मा वाटा पडला की गुण बहुधा एकाच जनुकावर असतो. हे कळलं त्या दिवशी मॅडमनी आम्हाला कोपऱ्यावरच्या कुल्फीवाल्याकडे नेलं. त्याचं-त्यांचं जुनं होतं. ट्रान्सफॉर्मर जळाला की मॅडमचे डबे त्याच्या पेटीत कुल्फ्यांशेजारी राहत. "मॅडम, तुमची पोरं झोपलीत हो आत," असं तो म्हणायचा.

शोधनिबंध लिहून झाला, छापायला पाठवला. तपासणाऱ्यांनी चांगलं म्हटलं आणि एक अट घातली. हे यीस्ट जिवंत स्वरूपात देशाच्या संग्रहाकडे जमा करा, म्हणजे दुसऱ्या कुणालाही ते मागवून स्वतःच्या हाताने पडताळता येईल. अट रास्त होती. विज्ञानात तुमच्या शब्दाला किंमत नसते, तुमची वस्तू दाखवावी लागते. मॅडमनी मोहाच्या यीस्टच्या नळ्या पाठवण्यासाठी वेगळ्या बांधून ठेवल्या. मध्ये कानबाईची सुट्टी आली. पार्सल वाटेत अडकून उन्हात पडू नये म्हणून त्या म्हणाल्या, मंगळवारी पाठवू. ते बांधलेलं पुडकंही त्याच फ्रीजरमध्ये होतं. दुसरा फ्रीजर उन्हाळ्यात बंद पडला होता. नवा मागितला होता, आला नव्हता.

कानबाईला मॅडम दरवर्षी भावाकडे जात. साक्रीच्या अलीकडचं, नदीकाठचं गाव. त्या वर्षी मलाही नेलं. माझी परीक्षा होऊन गेली होती, निबंधाच्या कामासाठी मी थांबले होते. आमच्या घरी कानबाई नाही, म्हणून मला नवल. चौरंगावर नारळाची कानबाई मांडलेली, तिला साडी, दागिने, वर फुलांचं मखर. आदल्या दिवशी रोटांचे, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू दळायला काढले होते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. भावाच्या नावाने, पुतण्यांच्या नावाने, पाळण्यातल्या नातवाच्याही नावाने. मी विचारलं, "आणि मॅडमच्या नावाने?"

वहिनी हसल्या. "बाईमाणसाच्या नावाने नसतं गं."

मॅडम गव्हात हात घालून बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या नावाचं पीठ मी देवपूरला आंबवते."

सगळे हसले. मीही हसले. रोट परक्याला देत नाहीत, म्हणून मला वेगळा वरणभात वाढला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मॅडमचं वाटलं. ज्या घरासाठी परत आल्या त्या घरात त्यांची सव्वा मूठ नव्हती.

सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन बायका नदीकडे निघाल्या. मॅडमही होत्या. पाण्यात उभ्या असतानाच त्यांचा फोन माझ्या हातात वाजला. कॉलेजचे शिपाई होते. वयाने मोठे, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. नाना एरवी मॅडमशी कॉलेजातली शुद्ध भाषा बोलत. त्या दिवशी घरची अहिराणी बोलले.

"मॅडमले सांग, लवकर या. त्यास्नी बठ्ठं बाहेर काढी टाकं. मी सांगं त्यास्ले, मॅडमना जीव शे त्यामा. कोणी ऐकं नही."

मी पाण्याच्या कडेला जाऊन सांगितलं, फ्रीजरमधलं सगळं बाहेर काढून टाकलंय म्हणे. मॅडमनी आधी हातातलं निर्माल्य सोडलं, पदराने हात पुसले, मग म्हणाल्या, "पुन्हा सांग."

आम्ही पोचलो तेव्हा खड्ड्यातून धूर येत होता. वितळलेल्या प्लास्टिकची ढेप झालेली. नाना बाजूला बादली घेऊन उभे. पाणी त्यांनी ओतलं होतं, उशिरा. मॅडम खड्ड्याच्या काठावर बसल्या आणि काठीने ती ढेप उलटी केली. मग त्यांनी काठी ठेवून दिली.

का केलं, ते आता ऐका. कॉलेज तपासायला समिती येणार होती. त्याआधी खोल्या साफ करताना कुणीतरी फ्रीजर उघडला. मॅडम डब्यांवर मराठीत लिहीत, नव्या मुलींना वाचता यावं म्हणून. कुठून आणलं ते मोठ्या अक्षरांत. मोह, पिंपळनेर. मोह, पिंपळनेर. मोह, पिंपळनेर. आमच्याकडे मोह म्हटला की माणसाला एकच गोष्ट आठवते. बातमी जिन्यावरून वर गेली की मॅडमनी फ्रीजमध्ये दारू भरून ठेवली आहे. संस्थेचे एक पदाधिकारी, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांनी हुकूम दिला. नळी उघडून कुणी वास घ्यायचीही तसदी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमबरोबर भाऊंच्या केबिनमध्ये गेले. भाऊ चांगल्या मूडमध्ये होते. चहा मागवला.

"मॅडम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. समितीने फ्रीज उघडला असता तर? मोह, मोह, मोह. लोक म्हणाले असते संस्थेत गाळतात."

"भाऊ, त्यात फुलं नव्हती. फुलांवरचा जीव होता."

"तोच दारू करतो ना पण?"

"पावही तोच करतो. तुमच्या कॅन्टीनचा."

भाऊ हसले. "बघा, म्हणजे पीठच की. शिळं पीठ फेकलं समजा. नवीन लावा. मोहाची झाडं काय संपलीत का?"

मी बोलायला तोंड उघडलं तर मॅडमनी टेबलाखाली माझा हात दाबला. चहा तसाच राहिला. जिना उतरताना त्या म्हणाल्या, "झाड संपलंय गं ते. रस्ता रुंद केला तेव्हा तोडलं." आणि झाड असतं तरी काय? त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलावर दुसरं यीस्ट असतं. मोहाची झाडं हजार असोत. ते यीस्ट एकच होतं.

मॅडमनी निबंध मागे घेतला. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, तुमच्याकडे फोटो आहेत, मोजमापं आहेत, आम्ही साक्षीदार आहोत. त्या म्हणाल्या, "साक्षीदार कोर्टात लागतात. इथे यीस्ट लागतं." पुढे त्या निवृत्त झाल्या. निरोपाला शाल दिली, भाऊंनी भाषण केलं, त्यात 'अथक परिश्रम' हे शब्द आले. मी गेटबाहेर पत्रकं वाटत उभी होते. माझ्या पत्रकांनी काय झालं? भाऊंनी एक वाचलं आणि शुद्धलेखन चांगलं आहे म्हणाले. बस्स.

पण एक वाट उरली होती, आणि ती मॅडमनीच घालून ठेवलेली होती.

मॅडमची एक रीत होती. शिक्षण संपवून मुलगी निघाली की त्या तिची ओटी भरत. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, आणि ओटी सवाष्णीनेच भरावी असं म्हणणाऱ्या आया असत. त्यांना मॅडम म्हणत, "तांदूळ-नारळ दुसऱ्या कुणी घाला, पुडी मात्र माझी." ही पुडी म्हणजे टिपकागदाच्या तुकड्यावर वाळवलेलं यीस्ट, चांदीसारख्या कागदात घट्ट दुमडलेलं, वर काळ्या शाईत नाव. वाळलेलं यीस्ट मरत नाही, झोपतं. कोरड्या, थंड जागी ते वर्षानुवर्षं झोपून राहू शकतं. आणि मॅडम ज्या-त्या मुलीला तिच्या माहेरचं यीस्ट देत. रावेरच्या मुलीला केळीचं, नदीकाठच्या मुलीला बोराचं. सासरी जाताना माहेरचं काहीतरी जिवंत बरोबर असावं म्हणून.

माझी पुडी माझ्याकडे होती, परीक्षा झाली तेव्हाच मिळालेली. आम्ही मॅडमच्या घरी, ओट्यावर, प्लेट मांडली. आता प्रयोगशाळा ती. कागदाचा तुकडा साखरेच्या पाण्यात भिजवला, ते पाणी प्लेटवर पसरलं आणि झाकून ठेवलं. नंतर उघडलं तेव्हा सगळी प्लेट दुधाच्या सायीसारख्या ठिपक्यांनी भरलेली. केळीचं यीस्ट, जसंच्या तसं. मॅडमनी प्लेट नाकाजवळ नेली आणि वास घेतला. "बघ, उठली पोर." त्या हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. रीत बरोबर होती, पुडी टिकत होती. पण उठलेलं यीस्ट साधं होतं, त्याच्यात तो गुण नव्हता.

मोहाची पुडी मिळालेल्या मुली पश्चिमेकडच्या. साक्रीच्या, पिंपळनेरच्या, त्याच्याही पलीकडच्या. मॅडमना त्यांचे चेहरे आठवतात, कुणाची प्लेट नेहमी बुरसायची ते आठवतं, कुणाच्या हाताला सुई छान बसायची ते आठवतं. पण त्या सापडत नाहीत. कॉलेजात माहेरचं नाव. लग्नात आडनाव बदललं, बापाच्या जागी नवऱ्याचं आलं, कितीतरी घरांत तांदळाच्या ताटात पहिलं नावही नवं लिहिलं. मुलांचे पत्ते लागतात, मुलींचे लागत नाहीत. सुईने पेशी सुटी करणारी मुलगी एका मांडवातून जाते आणि पलीकडे कुणाला ती सापडत नाही. याच्यावर पत्रक काढायला हवं होतं मी, पाण्यावर काढलं.

एक सापडली. पिंपळनेरच्या बाजारात एका बांगडीवालीला ठाऊक होती. मी घर शोधत गेले. दारात ती, कडेवर मूल, हाताला पीठ. मॅडमचं नाव काढल्याबरोबर तिचा चेहरा उजळला. मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं.

"पुडी आहे का गं अजून?"

ती आत बघून हळू बोलली. "होती. धान्याच्या कोठीमागे ठेवली होती, गारव्याला. सासूबाईंना दिसली. त्यांना वाटलं कुणी करणी केलीय. पुडी, काळी शाई, आत कागद. चुलीत टाकली."

आतून सासूबाई म्हणाल्या, "कोण शे वं?"

"कॉलेजनी पोरगी शे, आत्याबाई."

"चहा मांड मग तिले."

बाई वाईट नव्हती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की सुनेने त्या कागदात काय आणलंय. सुनेने सांगायचा प्रयत्न केला असता तर ऐकलं असतं का, हे मला माहीत नाही. मी निघाले तेव्हा सून फाटकापर्यंत आली. म्हणाली, "मॅडम रागावतील का माझ्यावर?"

मी नाही म्हटलं. मग तिने विचारलं, "ती सुई कुणाकडे आहे आता?"

मी परत येऊन मॅडमना सगळं सांगितलं. करणीचं ऐकून त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तिचा हात फार चांगला होता." त्यांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरला आहे. सुई त्यांनाही दिसत नाही. कपाटात पेलाभर तांदळात उभी खोचून ठेवली आहे, टोक मोडू नये म्हणून.

म्हणून आता तुम्हाला सांगते. विनंती म्हणत नाही. तुमच्या घरात देवपूरला शिकलेली एखादी सून असेल, वहिनी असेल, काकू असेल. आज तिला विचारा. आधी तिचं माहेरचं नाव विचारा, कारण मॅडम तिला त्या नावाने ओळखतात. मग विचारा की ओटीत एक चांदीच्या कागदाची पुडी मिळाली होती का. हसत विचारू नका, ती नाही म्हणून मोकळी होईल. पुडी ट्रंकेत असेल, देव्हाऱ्याखाली असेल, जुन्या साडीच्या घडीत असेल. वर "मोह, पिंपळनेर" लिहिलेलं असेल तर उघडू नका, उन्हात ठेवू नका, देवापुढे दिव्याजवळ ठेवू नका. कोरड्या डब्यात घाला आणि घेऊन या. देवपूरला पुलाच्या पलीकडे कुल्फीवाल्याला विचारा, यीस्टवाल्या मॅडम कुठे राहतात, तो दाखवेल.

पुडी तिलाच आणू द्या. तिच्याबरोबर या हवं तर, पण तिला आणू द्या. सुई धरायला हात लागणार आहे.